धक्क्याला लागलेली परकी जहाजं

उत्तर जर्मनीतल्या कील शहरात जूनच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात शिडाच्या होड्यांच्या शर्यती होतात. 1882 पासून चालत आलेला हा उत्सव. जर्मन लोक त्याला 'कीलर वोख' म्हणतात, म्हणजे कीलचा आठवडा. लाखो माणसं येतात, खाडीभर शिडं पसरतात, रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात. पण मला ओढ असते ती शहराच्या उत्तर टोकाची, कालव्याच्या दरवाजांजवळ असलेल्या नौदलाच्या धक्क्याची. वर्षभर त्या धक्क्याला कुंपण असतं आणि पहारा असतो. या आठवड्यात मात्र ठरलेल्या दिवशी फाटक उघडतात, पिशव्या तपासतात आणि कोणालाही आत सोडतात. आत वेगवेगळ्या देशांच्या युद्धनौका एकीशेजारी एक उभ्या असतात. बाल्टिक समुद्रात 1972 पासून दर वर्षी बाल्टॉप्स नावाचा मोठा नौदल सराव होतो. तो बहुतेक वेळा याच सुमारास कीलमध्ये संपतो. त्यामुळे सरावावरून थकून आलेली जहाजं आणि सुट्टीवर निघालेली कुटुंबं एकाच धक्क्यावर समोरासमोर येतात.

या भेटीबद्दल मला बरंच काही वाटतं, आणि ते सगळं एका दिशेचं नाही.

परक्या देशाचा सैनिक सामान्य माणसाला सहसा भेटत नाही. भेटतो तो बातमीत, नकाशावरच्या बाणाच्या रूपात, नाहीतर आकड्यात. आणि प्रत्यक्ष भेटलाच, तर बहुतेकांच्या इतिहासात तो न बोलावता आलेला असतो. खुल्या दिवशी तो बोलावल्यावर येतो, गणवेशाला इस्त्री करून उभा राहतो, आणि आपण त्याला काहीही विचारू शकतो. तो पाहुणा असतो. पण हत्यार घेऊन आलेला पाहुणा असतो, आणि ते हत्यार त्याच्या मागे, ताडपत्रीखाली, आपल्याला दिसेल असं उभं असतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवणं अवघड जातं. बहुतेक लोक एकच निवडतात. काही नुसते भारावून जातात, काही फाटकापासूनच तोंड फिरवतात. मला दोन्ही गोष्टी हातात धरून आत जायचं असतं.

मी हॅम्बुर्गला राहते, तिथून कील आगगाडीनं जवळ आहे. एका जूनमध्ये मामा माझ्याकडे आले होते, त्यांना घेऊन गेले. मामा माझगाव डॉकमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. कील हे नाव आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आले आहे. भारतीय नौदलाच्या 'शिशुमार' आणि 'शंकुश' या पाणबुड्या कीलच्या होवाल्ट्सवेर्के कारखान्यात बांधल्या गेल्या आणि 1986 मध्ये नौदलात दाखल झाल्या. त्याच जातीच्या पुढच्या दोन, 'शाल्की' आणि 'शंकुल', माझगाव डॉकमध्ये बांधल्या. 'शाल्की' 1992 च्या फेब्रुवारीत नौदलात आली. भारतात बांधलेली ती पहिली पाणबुडी. मामांच्या बरोबरीचे काही लोक कामासाठी कीलला येऊन गेले होते. मामांचा नंबर लागला नव्हता. धक्क्यावरून त्यांना खाडीपलीकडे, दक्षिणेला, त्या कारखान्याची अवाढव्य क्रेन दिसली, तेव्हा ते जरा थांबले, हाताची सावली डोळ्यांवर धरून पाहिलं आणि म्हणाले, "चल, आता बोटी बघू."

रांग सगळ्यात मोठी होती ती फ्रिगेट जातीच्या एका मोठ्या युद्धनौकेसमोर. मामा तिकडे गेलेच नाहीत. ते थेट एका छोट्या, राखाडी, थोड्या जुनाट दिसणाऱ्या नौकेकडे गेले. लिथुआनियाची सुरुंगशोधक नौका होती, जेमतेम साठ मीटर लांब, 1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये बांधलेली आणि नंतर लिथुआनियाच्या नौदलानं घेतलेली. गँगवे चढून वर गेल्यावर मामांनी कुठल्याही तोफेकडे पाहिलं नाही. त्यांनी केबिनच्या भिंतीवर तळवा ठेवला, मग बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केली. पोलादाचा आवाज आला नाही.

"अगं, हे लोखंड नाही," ते मला म्हणाले. "विचार त्याला, हे काय आहे."

शेजारी उभा असलेला नौसैनिक पंचविशीचा असेल. उन्हानं त्याच्या नाकाची सालं निघाली होती. मी इंग्रजीत विचारलं. तो हसला नाही, उलट एकदम गंभीर झाला, कारण सकाळपासून बहुधा कोणी हे विचारलं नव्हतं. त्यानं सांगितलं, काचतंतूचं प्लास्टिक आहे, अख्खा सांगाडा त्याचाच. समुद्रातल्या अनेक सुरुंगांना जहाजाच्या लोखंडाचा चुंबकीय परिणाम जाणवतो आणि ते फुटतात. म्हणून सुरुंग शोधणाऱ्या नौकेत लोखंड जेवढं कमी तेवढं बरं. मामांनी लगेच पुढचा प्रश्न काढला: मग तडा गेला तर वेल्डिंग कसलं करणार? त्यावर तो नौसैनिक आम्हाला डेकच्या कडेला घेऊन गेला आणि गुडघ्यावर बसून एक जागा दाखवली. रंगाखाली तळहाताएवढा भाग किंचित उंच होता. जुना थर घासून काढायचा, नवं कापड राळेत भिजवून थरावर थर चढवायचे, वाळू द्यायचं, पुन्हा घासायचं. मामांनी तिथे अंगठा फिरवला, कड कुठे संपते ते शोधलं आणि मान हलवली. काम चांगलं झालं होतं.

मला त्या क्षणी फार बरं वाटलं, आणि का वाटलं याचा मी नंतर खूप विचार केला. खुल्या दिवसाची आखणी हत्यारांभोवती असते. तोफेचा पल्ला किती, क्षेपणास्त्र किती, वेग किती असे फलक लावलेले असतात, आणि लोकही तेच विचारतात, कारण तेच विचारायचं असतं असा समज असतो. नौसैनिकही पाठ केलेली उत्तरं देतात. हे सगळं दोन्ही बाजूंनी सभ्यपणे होतं आणि त्यातून कोणीच कोणाला भेटत नाही. भेट होते ती कामाविषयी विचारल्यावर. तू दिवसभर काय करतोस? तुझ्या हाताखाली काय बिघडतं आणि तू ते कसं दुरुस्त करतोस? झोपतोस कुठे? वादळात स्वयंपाक कसा होतो? ज्यानं उभी हयात हातानं काम केलं आहे त्याला हे प्रश्न सुचतात. बाकीच्यांनी ते शिकून घ्यायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण गँगवे चढताना ती कोणाच्या मनात येत नाही. परक्या देशाची युद्धनौका आपल्या बंदरात उभी असली तरी आंतरराष्ट्रीय कायद्यानं तिला संरक्षण असतं. 1982 च्या समुद्रविषयक कराराच्या 32 व्या कलमात ते मान्य केलेलं आहे. किनाऱ्यावरच्या देशाचे पोलीस कप्तानाच्या परवानगीशिवाय तिच्यावर पाऊल ठेवू शकत नाहीत. म्हणजे ज्या डेकवर आईचा हात सोडून पोरं धावत असतात, तिथे जर्मन हवालदाराला विचारून यावं लागतं. पाहुण्याच्या घरी आपण पाहुणे होतो. नौसैनिक चढता-उतरता मागच्या टोकाच्या झेंड्याला सलाम करतात, तो याच गोष्टीचा भाग. तो झेंडा पाहिला की मला आत कुठेतरी सावध व्हायला होतं, आणि ते सावधपण मला आवश्यक वाटतं.

कीलमध्ये तर ते विसरताच येत नाही, कारण या धक्क्यानं 1914 चा जून पाहिला आहे.

त्या वर्षी 23 जूनला ब्रिटिश नौदलाच्या चार अजस्र युद्धनौका कीलच्या खाडीत आल्या: 'किंग जॉर्ज फिफ्थ', 'एजॅक्स', 'ऑडेशस' आणि 'सेंच्युरियन'. सोबत 'साउदॅम्प्टन', 'बर्मिंगहॅम' आणि 'नॉटिंगहॅम' या तीन क्रूझर. व्हाइस अ‍ॅडमिरल जॉर्ज वॉरेंडर त्यांचे प्रमुख. कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, विल्हेल्मनं त्याच दिवसांत उत्तर समुद्र आणि बाल्टिक जोडणाऱ्या कालव्याचे वाढवलेले दरवाजे खुले केले. मोठ्या जर्मन युद्धनौकांना एका समुद्रातून दुसऱ्यात जाता यावं म्हणूनच ते वाढवलेले होते, आणि ब्रिटिश पाहुण्यांना हे ठाऊक होतं. तरीही मेजवान्या झाल्या, नाच झाले, शर्यती झाल्या. कैसर ब्रिटिश अ‍ॅडमिरलचा गणवेश घालून 'किंग जॉर्ज फिफ्थ'वर गेला. तो मानाचा हुद्दा त्याला त्याच्या आजीनं, राणी व्हिक्टोरियानं दिला होता. ब्रिटिशांनी यजमानांना आपली जहाजं मोकळेपणी दाखवली, फक्त बिनतारी संदेशाची खोली आणि नेमबाजी नियंत्रणाची व्यवस्था सोडून. दोन्हीकडचे खलाशी शहरात हातात हात घालून फिरले.

28 जूनला रविवार होता. कैसर त्याच्या 'मेटेओर' या शिडाच्या नौकेवर शर्यतीत होता. एक छोटी लाँच वेगानं जवळ आली. तिच्यातल्या अधिकाऱ्यानं एक कागद सिगारेटच्या डबीत घालून वर फेकला. साराजेव्होमध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली होती. शर्यत थांबली, झेंडे अर्ध्यावर आले. 30 जूनला ब्रिटिश जहाजं निघाली, आणि जाताना त्यांनी संदेश दिला की आपण आजवर मित्र होतो आणि कायम मित्र राहू. 4 ऑगस्टला दोन्ही देश युद्धात होते.

यापुढचा हिशेब मी कितीदा वाचला तरी मला अस्वस्थ करतो. 9 ऑगस्टला 'बर्मिंगहॅम'नं यू-15 या जर्मन पाणबुडीला धडक देऊन बुडवलं. आतला एकही माणूस वाचला नाही. 27 ऑक्टोबरला 'ऑडेशस' आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यापाशी जर्मनांनी पेरलेल्या सुरुंगावर आदळली आणि बुडाली. तिच्यावरची माणसं वाचवता आली, पण जहाज गेल्याची गोष्ट ब्रिटिश नौदलानं युद्ध संपेपर्यंत अधिकृतपणे मान्यच केली नाही. 1916 च्या ऑगस्टमध्ये 'नॉटिंगहॅम' जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोनं बुडाली. आणि गेओर्ग फॉन हाझं. हा जर्मन अधिकारी कीलच्या त्या आठवड्यात वॉरेंडर यांच्या दिमतीला दिलेला होता. त्यांच्याबरोबर जेवला, त्यांना शहरात घेऊन हिंडला. 31 मे 1916 रोजी जटलंडच्या समुद्री लढाईत तो 'डेर्फ्लिंगर' या जर्मन युद्धनौकेचा तोफखाना प्रमुख होता. 'क्वीन मेरी' ही ब्रिटिश युद्धनौका ज्या माऱ्यात फुटली त्यात त्याच्या तोफा होत्या. तिच्यावरची बाराशेहून अधिक माणसं काही मिनिटांत गेली.

म्हणून कोणी मला सांगितलं की अशा भेटीगाठींनी देश जवळ येतात आणि युद्ध टळतं, तर मला ते पटत नाही. कीलमध्ये यजमानांनी मनापासून स्वागत केलं होतं आणि पाहुणेही मनापासून वागले होते. त्या संदेशात खोटं काही नव्हतं असंच मला वाटतं. पण युद्धाचा निर्णय जिथे होतो तिथे या मनापासूनपणाला मत नव्हतं. 1945 च्या मे महिन्यात ब्रिटिश सैनिक पुन्हा कीलमध्ये आले, या वेळी जिंकणारे म्हणून, बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या शहरात.

मग भेटायचं कशासाठी? याचं माझं उत्तर त्या छोट्या लिथुआनियन नौकेवरच मला सापडलं, आणि ते सुरुंगांशी जोडलेलं आहे.

'ऑडेशस'ला बुडवणारा सुरुंग फुटला. पण दोन महायुद्धांत पेरलेले हजारो सुरुंग कधी फुटलेच नाहीत. ते अजून बाल्टिकच्या तळाशी आहेत. शिवाय दुसऱ्या महायुद्धानंतर नको असलेला दारूगोळा जहाजं भरभरून समुद्रात ओतला गेला. जर्मनीच्या उत्तर समुद्रातल्या आणि बाल्टिकमधल्या पाण्यात मिळून असा सुमारे 16 लाख टन दारूगोळा पडून असल्याचा अंदाज आहे. कीलच्या खाडीच्या तोंडाबाहेर कोल्बेर्गर हायडं नावाचा पट्टा आहे, तिथे तळाशी जुने सुरुंग आणि टॉर्पेडोंचे स्फोटक भाग ढिगानं पडले आहेत. त्यांची कवचं गंजतात आणि आतलं विष पाण्यात उतरतं. ल्युबेकच्या उपसागरात 2024 मध्ये हा कचरा वर काढण्याचं प्रायोगिक काम सुरू झालं. आमचा नौसैनिक जे काम करत होता ते याच जातीचं. त्यानं मामांना पडद्यावर दाखवलं, सोनारच्या ध्वनिलहरींनी तळाचं चित्र कसं उमटतं: दगड, ओंडका, जुना नांगर, आणि मध्येच एक वस्तू जिची सावली जरा जास्तच गोल आहे. मग जहाज दूर थांबतं. केबलला बांधलेलं छोटं यंत्र कॅमेरा घेऊन खाली जातं. बहुतेक वेळा तो दगडच असतो.

"आणि दगड नसला तर?" मामांनी विचारलं.

"मग जेवायला उशीर होतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात बढाई नव्हती. वस्तू कोणत्या साली, कोणत्या देशानं टाकली हे ओळखावं लागतं, कारण प्रत्येकाची रचना वेगळी. त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी, त्याचा देश जेव्हा जेव्हा दुसऱ्यांच्या ताब्यात होता तेव्हा टाकलेल्या वस्तू तो शोधत होता. त्या कोणी कोणासाठी टाकल्या होत्या, त्याचा आता काही उपयोग नाही. त्या मच्छीमाराच्या जाळ्यात येतात.

हे ऐकताना मला वाटलं, युद्ध थांबवणं हे या भेटीचं काम नाहीच. ते काम आपण तिच्यावर उगाच लादतो आणि मग ती हरली म्हणून तिला हसतो. तिचं काम लहान आहे आणि नेमकं आहे. ती आपल्याला माप देते. सैनिकाचा बंक किती लांब असतो, किती अरुंद असतो, वरच्या बंकपर्यंत किती अंतर असतं, हे डोळ्यांनी पाहिलं की ते डोक्यातून जात नाही. त्या नौकेवर तीन बंक एकावर एक होते. मधल्यात झोपलेल्या माणसाला कुशीवर वळायचं असेल तर खांदा वर घासणार, एवढीच जागा. उशीजवळच्या जाळीत चष्म्याची डबी, एक मोबाइल, मोजे. दाराला कडी नाही, पडदा आहे. पाणी शिरलं तर बाहेर पडायचा रस्ता एक अरुंद शिडी. मी ती शिडी चढले तेव्हा दोन्ही हात लागले, आणि तेव्हा जहाज स्थिर होतं, दिवे चालू होते.

14 एप्रिल 2022 रोजी काळ्या समुद्रात रशियाची 'मोस्क्वा' ही युद्धनौका बुडाली तेव्हा इथे अनेकांना आनंद झाला. युक्रेनवर झालेला हल्ला मीही अन्याय्य मानते, आणि ती नौका त्या हल्ल्यात होती. पण नंतर रशियातले आईबाप, तिच्यावर सक्तीच्या भरतीत गेलेली आपली मुलं कुठे आहेत असं जाहीरपणे विचारू लागले, तेव्हा मला एकोणीस-वीस वर्षांची पोरं तशाच एखाद्या शिडीशी दिसली. माझं मत बदललं नाही. ते जास्त जड झालं, एवढं खरं. आणि मत जड असणं ही चांगली गोष्ट आहे असं मला वाटतं. हलक्या मतांवर युद्धं फार सहज चालतात.

याच 'मोस्क्वा'ची भगिनी-नौका 'मार्शल उस्तिनोव्ह' 1989 च्या जुलैमध्ये अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या नॉरफोकला गेली होती. दोन सोव्हिएत जहाजं सोबत होती. अमेरिकी नौदलाचं ते सगळ्यात मोठं बंदर. तिथल्या लोकांनी चाळीस वर्षं ज्यांच्या नावानं धास्ती घेतली, ते खलाशी त्यांच्या समोर उभे होते आणि लोक त्यांच्या डेकवर हिंडत होते. पुढच्याच महिन्यात दोन अमेरिकी जहाजं सेवास्तोपोलला गेली. सेवास्तोपोल तेव्हा बंद शहर होतं. सोव्हिएत नागरिकालाही परवान्याशिवाय प्रवेश नव्हता. बाल्टॉप्समध्येही 1990 च्या दशकात रशियन जहाजं सहभागी झाली. 2014 मध्ये क्रिमिया घेतल्यावर ते संपलं. आज कीलच्या धक्क्यावर ती जागा मोकळी आहे. ती मोकळी असणं मला योग्य वाटतं आणि तिचं वाईटही वाटतं. नॉरफोकला ज्यांनी सोव्हिएत खलाशाशी हस्तांदोलन केलं असेल त्यातले कितीतरी अजून हयात असतील. त्यांच्याकडे असं काहीतरी आहे जे आज वाढणाऱ्या मुलांकडे नसणार.

मुलांवरून आठवलं. खुल्या दिवसातली एक गोष्ट मला मुळीच आवडत नाही आणि ती मी मऊ शब्दांत सांगणार नाही. मुलांच्या हातात हत्यार देऊ नये. बंदुकीच्या मागे पोराला बसवून फोटो काढू नयेत. जर्मनीत 2016 मध्ये श्टेटन इथे लष्कराच्या खुल्या दिवशी लहान मुलांनी शस्त्रं हाताळल्याची छायाचित्रं बाहेर आली आणि त्यावर मोठा वाद झाला. तो वाद होणं योग्यच होतं. मुलाला जहाज दाखवावं, सोनार दाखवावं, पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसाचं शिरस्त्राण डोक्यावर ठेवून त्याचं वजन कळू द्यावं. भटारखाना दाखवावा. पण ट्रिगरवर बोट ठेवल्यावर हातात येणारी ताकद त्याला खेळ म्हणून चाखायला देणं हे मला पाहुणचारात बसत नाही, मग पाहुणा कितीही प्रेमळ असो.

फाटकाबाहेर शांतता चळवळीतले काही लोक उभे असतात. उत्सवात युद्धनौका कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी मामांनी त्यांच्याकडून पत्रक घेतलं, घडी करून खिशात ठेवलं आणि आत आले. मला ते आवडलं. पत्रक वाटणारी बाई पासष्टीच्या पुढची असेल. तिनं मामांना जर्मनमध्ये शांतपणे काहीतरी समजावून सांगितलं, मी ते त्यांना सांगितलं. या जहाजांवर होणाऱ्या खर्चाबद्दल ती बोलत होती, आणि पाहुण्यांना टाळ्या वाजवताना लोक हा खर्च विसरतात असं तिचं म्हणणं होतं. तिचं म्हणणं मी डेकवर असतानाही डोक्यात होतं. ते असायलाच हवं. मात्र ती स्वतः आत येत नव्हती याची मला चुटपुट लागली. तिनं विचारले असते असे प्रश्न आत कोणीच विचारत नव्हतं. खुला दिवस हा फक्त कौतुक करणाऱ्यांसाठी आहे असं फलकावर कुठेही लिहिलेलं नसतं. नौसैनिकाला आदरानं विचारता येतं: तुला दिलेला हुकूम चुकीचा वाटला तर तू काय करशील? मी एका अधिकारी मुलीला हे विचारलं आहे. ती चिडली नाही. बेकायदा हुकूम न पाळण्याचं प्रशिक्षण असतं हे तिनं सांगितलं, मग थोडं थांबून म्हणाली की खोलीत बसून ते सोपं वाटतं. एवढं प्रामाणिक उत्तर मला एखाद्या परिषदेत मिळालं नसतं.

तर मामा आणि तो नौसैनिक. मामांनी आपण पाणबुडीच्या बांधणीत होतो हे सांगितल्यावर संभाषणाची दिशा उलटली. आता तो विचारू लागला. दाब सोसणारं कवच जोडताना गोलाई कशी राखता? जोड तपासता कसा? मामा म्हणाले, एक्स-रे काढतात, आणि एक्स-रेत काळा डाग दिसला की तो भाग कोरून काढून पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी 'शाल्की'च्या दिवसांतल्या एका जोडाची गोष्ट सांगायला घेतली आणि माझं इंग्रजी तिथे अपुरं पडलं, कारण त्या कोरण्याच्या हत्याराचं नाव मला मराठीतही माहीत नव्हतं. मामांनी खिशातून पत्रक काढलं, मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढलं. दोन जाड रेघा, मधे इंग्रजी व्हीसारखी खाच, खाचेत थर. नौसैनिकानं पेन मागून घेतलं आणि शेजारी स्वतःच्या नौकेच्या भिंतीचा छेद काढला: बाहेरचा थर, आतला थर, कापडाची दिशा. दोघं त्या कागदावर वाकले. मी बाजूला झाले, कारण आता माझी गरज उरली नव्हती.

मागे रांग साचली होती. दुसऱ्या एका नौसैनिकानं लोकांना डाव्या बाजूनं पुढे काढायला सुरुवात केली. एक जर्मन आजोबा मात्र हलले नाहीत. ते मामांच्या खांद्यावरून चित्र पाहत होते. थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, हे गृहस्थ कोण. मी सांगितलं, मुंबईत पाणबुडी बांधणाऱ्यांपैकी. आजोबांनी खाडीपलीकडच्या क्रेनकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, मी तिथे रंगखात्यात होतो. मग त्यांनी थेट मामांनाच जर्मनमध्ये विचारायला सुरुवात केली, की तुमच्याकडच्या दमट हवेत रंग पकडतो का, आणि थर वाळायला किती वेळ द्यावा लागतो.